कच्छमधील शंख-शिंपल्यांचे जीवाश्म कसे गोळा करावेत आणि कसे ओळखावेत

महाराष्ट्रात राहून समुद्री शंख-शिंपल्यांचे जीवाश्म जमवायचे म्हटले, तर पहिली अडचण पायाखालच्या खडकाचीच येते. राज्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे आणि लाव्हारसात शंख टिकत नाहीत. दोन लाव्हाथरांमधील गाळात सापडणारी फायसा ही गोगलगाय गोड्या पाण्यातली, तर कोकण किनाऱ्यावरील करल नावाच्या खडकात घट्ट बसलेले शिंपले भूवैज्ञानिक हिशेबाने अगदी अलीकडचे. म्हणून नवशिक्याने कच्छपासून सुरुवात करावी. तेथे ज्युरासिक काळातील समुद्राचा गाळ घुमटाकार टेकड्यांमध्ये उघडा पडला आहे आणि हाबो, झुरा, कीरा, जुमारा ही ठिकाणे भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना चांगलीच परिचित आहेत.

निघण्यापूर्वी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावरील नकाशात आपल्या टेकडीचा थर कोणता आणि त्याचे वय किती, हे पाहून ठेवावे. जमीन कोणाची आहे, वनखात्याच्या राखीव क्षेत्रात येते का आणि सीमेजवळ असल्यास परवाना लागतो का, याची चौकशी भुजमध्येच करावी. परवानगी नसेल तेथे फक्त छायाचित्रे घ्यावीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा; पुढे उन्हाचा तडाखा सोसवत नाही.

प्रत्यक्ष जागेवर हातोडी शक्यतो पिशवीतच राहू द्यावी. पावसाने मोकळे झालेले नमुने उताराच्या पायथ्याशी आणि ओढ्यांच्या पात्रात पडलेले असतात. प्रत्येक प्रकाराचे एक-दोन नमुने घेतले तरी छंदापुरते पुष्कळ होतात. खडकात रुतलेला जीवाश्म फोडून काढण्याच्या नादात तो बहुधा तुटतो आणि त्या थराचा पुरावाही नाहीसा होतो.

नमुना उचलताच, दुसऱ्याकडे वळण्याआधी, चिठ्ठी लिहावी. तारीख, जवळचे गाव, मोबाइलवरील अक्षांश-रेखांश, खडकाचा रंग व पोत आणि नमुना थरातच होता की घसरून आलेला होता, एवढे त्या चिठ्ठीत हवेच. जुमाऱ्याचा अमोनाइट (गुंडाळलेल्या कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री जीव) आणि हाबोचा अमोनाइट एकाच पिशवीत मिसळले, तर पुढे कोणताही तज्ज्ञ ते खात्रीने वेगळे करू शकेलच असे नाही. चिठ्ठी नसलेला सुबक नमुना शोभेची वस्तू ठरतो. चिठ्ठी असलेला अर्धा तुटका शिंपलाही अभ्यासाला उपयोगी पडतो.

घरी आल्यावर माती मऊ ब्रशने आणि लाकडी काडीने कोरडीच काढावी. खडक टणक असेल तरच साधे पाणी वापरावे, कारण शेल या ठिसूळ, पापुद्र्यांच्या चिखलखडकातील नाजूक शिंपले भिजताच भुगा होतात. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे आम्ल कधीही लावू नये, कारण ही कवचे कॅल्शियम कार्बोनेटची असल्याने आम्लात विरघळतात. नमुन्याच्या कमी महत्त्वाच्या भागावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन, तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालावा आणि वहीत तोच क्रमांक नोंदवावा.

ओळख पटवताना आधी हातात कवच आहे की साचा, हे ठरवावे. ॲरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या सहज विरघळणाऱ्या रूपाचे, कवच जमिनीतील पाण्यात कालांतराने विरघळते आणि आतला दगड झालेला गाळच उरतो, त्यामुळे पुष्कळ शंखांची बाहेरची नक्षी पुसली गेलेली दिसते. ग्रायफियासारख्या कालवांचे कवच कॅल्साइट या अधिक टिकाऊ रूपाचे असल्याने ते जाडजूड टिकते. त्याचे खालचे शिंपले आत वळलेले, तर वरचे झाकणासारखे चपटे असते.

दोन शिंपल्यांचा जीवाश्म दिसला की नवशिके त्याला सरसकट शिंपला म्हणून मोकळे होतात. येथे एक शिंपले समोर धरून त्याच्या चोचीपासून (बिजागरीजवळच्या टोकापासून) कडेपर्यंत मधोमध रेघ कल्पावी. रेघेच्या दोन्ही बाजू सारख्या असतील, तर तो बहुधा ब्रॅकिओपॉड असतो. शिंपल्यांशी त्याचे जवळचे नाते नाही. खऱ्या शिंपल्यांमध्ये सहसा डावे-उजवे पूट (कवचाचा एकेक अर्धा भाग) परस्परांचे प्रतिबिंब असते, पण प्रत्येक पूट स्वतः तिरपे असते. कच्छमध्ये सर्रास आढळणारी ट्रायगोनिया या कसोटीवर लगेच कळते: आकार त्रिकोणी आणि मागच्या उतारावर नक्षी एकदम बदललेली.

अमोनाइटची गुंडाळी बहुधा एकाच पातळीत असते आणि वरचे कवच झिजले, की कप्प्यांच्या भिंतींच्या पानासारख्या नागमोडी रेषा उघड्या पडतात. (देवघरातला शाळिग्रामही अमोनाइटच, पण गंडकीच्या खोऱ्यातला.) अमोनाइटांपैकी मॅक्रोसेफॅलाइटिस हा वंश फुगीर असतो, त्याची नाभी (गुंडाळीच्या मधला खळगा) अरुंद असते आणि बारीक कंगोरे पोटावरून (गुंडाळीच्या बाहेरच्या कडेवरून) न तुटता पलीकडे जातात. पेरिस्फिंक्टिसची गुंडाळी सैल असल्याने आतले वेढे दिसतात आणि कंगोऱ्यांना फाटे फुटतात. मोहरीएवढ्या तांबूस दाण्यांचा खडक चिकटलेला असेल, तर धोसा ऊलाइट या अमोनाइटसमृद्ध थराचा विचार आधी करावा.

नाव देताना प्रजातीपर्यंत जाण्याची घाई करू नये. जीवाश्मतज्ज्ञ वागेनने 1873 ते 1875 दरम्यान कच्छच्या अमोनाइटांना दिलेली कित्येक नावे पुढे बदलली आहेत. हौशी संग्राहकाने वंशापर्यंतचे नाव देऊन पुढे प्रश्नचिन्ह टाकले, तर त्यात कमीपणा नाही. अडलेला नमुना चिठ्ठीसह विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात दाखवावा. हाड किंवा मणका दिसला, तर मात्र तो न हलवता, मापासाठी शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र काढावे आणि जागेच्या नोंदीसह त्याच विभागाला कळवावे.