पाठ रात्रीपण ठणकते? मणक्याचा टीबी ओळखायचा कसा आणि पुढे करायचं काय

आमच्या काकूची पाठ चार महिने दुखत होती. गॅस झालाय म्हणून झालं, तेल लावून चोळून झालं, एक्स-रे काढला तर नॉर्मल, आणि शेवटी एमआरआयमध्ये दोन मणक्यांच्या बाजूला पू दिसला. टीबी निघाला. आणि खोकला एक दिवसाचा नाही हां, छातीपण साफ.

साधं पाठदुखीचं दुखणं आडवं झालं की बरं वाटतं, हे झोपेतपण ठणकतं. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, घाम, वजन उतरणं. काकू तर खाली पडलेला चमचासुद्धा न वाकता, पाठ ताठ ठेवून उकिडवं बसून उचलायची, आम्हाला वाटलं वय झालं.

एक्स-रेवर भरवसा ठेवू नका, हाड 30-50 टक्के झिजेपर्यंत त्यात काही दिसत नाही. ईएसआर, सीआरपी (शरीरात सूज आहे का ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) करा आणि थेट एमआरआय.

एमआरआयमध्ये दिसलं की लगेच गोळ्या सुरू करायची घाई होते, तिथे थांबा. आधी सीटीमध्ये बघत सुईने सॅम्पल काढतात, ते सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी), कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि बायोप्सी (तुकडा मायक्रोस्कोपखाली बघणं) तिन्हीला गेलं पाहिजे. सीबीनॅट दोनेक तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का ते सांगतं (निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाहीच असं नाही), कल्चरला मात्र आठवडे लागतात. आणि सॅम्पल काढायच्या आधी मेडिकलवाल्याकडून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणून खाऊ नका, ते टीबीवर अर्धवट चालतं आणि रिपोर्ट फसतो. शुगर किंवा डायलिसिसवाल्यांना अचानक जोराचा ताप आणि पाठदुखी असेल तर स्टॅफसारखे दुसरे जंतूपण असतात, त्यात आधी ब्लड कल्चर आणि मग साधारण 6 आठवडे अँटिबायोटिक, सुरुवातीला शिरेतून.

टीबीच निघाला तर पहिले 2 महिने चार औषधं, पुढे 10 महिने तीन, कधी कधी 18 महिन्यांपर्यंत लांबतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, वर निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलमध्ये नोंद केली की खाण्यापिण्यासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. लघवी केशरी होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले किंवा अंधुक दिसायला लागलं तर मात्र लगेच डॉक्टरला सांगा. तिसऱ्या महिन्यात दुखणं गेलं की गोळ्या नकोशा होतात, काकूने दोनदा उशीखाली लपवल्या होत्या.

ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. पण पाय जड पडले, चप्पल पायातून निसटलेली कळेना किंवा लघवी अडकली तर उद्याची अपॉइंटमेंट नाही, त्याच दिवशी स्पाइन सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा.