घरचं इटालियन ग्रिल सँडविच : या चुका टाळा

"ताई, ब्रेड काळा पडतोय आणि आत चीज तसंच घट्ट. मशीन बिघडलं असेल का?" हा प्रश्न मला भाजी मंडईतसुद्धा गाठतो. मशीन धडधाकट असतं. करणाऱ्याला घाई असते, एवढंच. सांगलीच्या विश्रामबागेत एखाद्या कॅफेत पानिनी, म्हणजे इटालियन ग्रिल सँडविच, खायची, घरी येऊन ब्रेडचा पुडा फोडायचा आणि दहा मिनिटांत तेच ताटात हवं!

पहिली चूक सामान काढतानाच होते. बटाटा, बीट, काकडी, हिरवी चटणी, वर बारीक शेव, आणि शेवटी पिझ्झाबरोबर आलेली ऑरेगॅनोची पुडी. हे मुंबईचं ग्रिल सँडविच झालं. उत्तम असतं, मीही आवडीने खाते. पण पुडी शिंपडल्याने ते इटालियन होत नाही. टोमॅटो, मोझरेला, बेसिल, ऑलिव्ह तेल, मीठ. काप्रेसे सॅलडमध्ये एवढंच असतं आणि सँडविचलाही एवढंच पुरतं. फार तर एक भाजलेली सिमला मिरची.

पाणी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या भिशीत शेजारच्या वहिनींनी पानिनीचा बेत ठरवला. मुलाने पुण्याहून ताज्या मोझरेलाचे गोळे आणले होते, ते पाण्यात बुडवलेले येतात ते. मी दुपारीच म्हटलं, "वहिनी, चकत्या करून फडक्यावर टाका." त्या म्हणाल्या, "होतंय की गं!" टोमॅटोही तासभर आधी चिरून, मीठ लावून त्याच भांड्यात ठेवलेले. त्या रसासकट उचलून ब्रेडवर. मशीनचं झाकण दाबलं तशी चारी बाजूंनी पांढरट पाण्याची धार ओट्यावर, चर्र आवाज आणि वाफ. खालचा ब्रेड उलथन्यावर आला तो लगदा होऊन.

जी चार-सहा बरी निघाली, ती वहिनींनी पोळ्यांसारखी एकावर एक रचून कॅसरोलमध्ये झाकली. गरम राहावीत म्हणून! बायका जमेपर्यंत झाकणाला आतून पाणी सुटलेलं, ते ठिबकून वरचा थर ओला, आणि कुरकुरीतपणाचा मागमूस नाही. सगळ्यांनी भडंग खाल्लं आणि चहाचं कौतुक केलं.

ताज्या मोझरेलात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तो वापरायचाच तर चकत्या करून स्वच्छ पंचात गुंडाळा, वर वाटी ठेवा आणि अर्धा तास विसरून जा. पिझ्झासाठी मिळतं ते कमी पाण्याचं मोझरेला सँडविचला जास्त सोयीचं. सांगलीत तेच सहज मिळतं आणि मी तेच वापरते. टोमॅटो घट्ट घ्या, बिया आणि गर काढा, मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं निथळवा, मग पुसा. चीज दोन्ही ब्रेडना लावा, टोमॅटो मधे. चीजमुळे रस ब्रेडपर्यंत पोचत नाही. आणि तयार सँडविच जाळीवर ठेवा. झाकायचं नाही. पाहुणे आल्यावरच भाजायला घ्यायचं, त्यांना थांबू दे की पाच मिनिटं.

मोठी आच

चीज मऊ व्हायला ५५-६० अंश तापमान पुरतं. ब्रेड तांबूस व्हायला लागतो तो १४० च्या आसपास. मग आधी ब्रेडच का करपतो? कारण तो थेट तव्याला टेकलेला असतो आणि उष्णता त्यातून आत झिरपायला वेळ घेते. गॅस मोठा केला की बाहेर कोळसा, आत फ्रीजमधला गारठा. त्यात तुम्ही घेता मिल्क ब्रेड! त्यातली साखर आणखी लवकर काळी पडते.

माझी पद्धत सांगते. चीज वीस मिनिटं आधी बाहेर. बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवून मग मंद. सँडविच ठेवलं की वर फॉइल लावलेला वरवंटा, पण पहिला मिनिटभर नाही. चीज जरा धरू दे, नाहीतर सगळं बाहेर पळतं. भरतानाही कडेला बोटभर जागा सोडा. दोन्ही बाजू मिळून सात-आठ मिनिटं जातात. जात असतील तर जाऊ देत.

ब्रेडचं म्हणाल तर इटलीत यासाठी चाबाट्टा वापरतात. पुरातन वगैरे काही नाही, १९८२ साली आद्रिया गावात अर्नाल्दो काव्हाल्लारी या बेकरने तो घडवला. पीठ खूप सैल असल्यामुळे त्याला मोठी जाळी पडते. तो नाही मिळाला तर अडून बसू नका. बेकरीतून न कापलेला, बिनसाखरेचा ब्रेड घ्या, एक दिवस शिळा करा आणि बोटभर जाड कापा.

लोणी तव्यावर ओतू नका, त्यातला दुधाचा अंश करपतो. तेल ब्रेडला बाहेरून ब्रशने लावा. मी कधीकधी साजूक तूप लावते, इटालियन लोकांना सांगू नका.

मेयोनीज नको. का, ते विचारूही नका.

बेसिल नाही म्हणून वृंदावनातली तुळस घालणारे भेटलेत मला. सँडविचला काढ्याचा वास येतो. सब्जाचं बी कुंडीत पेरा, ते बेसिलच्याच जातीचं. उगवलेल्या पानांना बडीशेपेची किंचित झाक असते, पण तुळशीपेक्षा कितीतरी बरं. पानं भाजून झाल्यावर आत सरकवा, आचेवर ती काळी पडतात.

भाजल्या भाजल्या सुरी घालू नका, दोन मिनिटं थांबा. आणि गरम मशीनच्या प्लेटा नळाखाली धरू नका. कोमट असताना ओल्या फडक्याने पुसल्या की चिकटलेलं चीज निघतं. ते सुरीने खरवडणाऱ्यांना मी माझं मशीन देत नाही.