विधी संशोधन कौशल्याच्या चाचणीपूर्वीची तयारी

विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे, कायद्यातील संदर्भ शोधायला शिकवणारे प्रशिक्षणवर्ग सुरू होण्याआधी पूर्वचाचणी उरकून घ्यावी, कारण विद्यार्थ्याला मुळात काय येत होते हे ठाऊक नसेल, तर ग्रंथपालाने काय शिकवले हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही. ‘वर्ग आवडला का’ असे विचारणारा अभिप्राय अर्ज अवश्य भरून घ्यावा. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइलपलीकडे मात्र त्याला फारसे मोल देऊ नये.

सर्वाधिक वेळ प्रश्न काढण्यात घालवावा. मराठवाड्यात यासाठी कुळाचा वाद फार उपयोगी पडतो: जालना जिल्ह्यातील जमिनीचे प्रकरण हाती दिले की घाईतला विद्यार्थी मुंबईचा 1948 चा कुळकायदा उघडून बसतो, तर शोधाची सवय लागलेला विद्यार्थी हा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता हे ध्यानात घेऊन हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 पर्यंत पोहोचतो. दुसरा प्रश्न कलम 482 वर असावा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याच क्रमांकाखाली अटकपूर्व जामीन आला आणि अंगभूत अधिकार कलम 528 मध्ये गेले, त्यामुळे निवाड्याचे साल न पाहता कलम उचलणारा इथे हमखास फसतो. तिसऱ्या प्रश्नात एडीएम जबलपूर खटल्याचा, म्हणजे आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयात दाद नाकारणारा, सर्वोच्च न्यायालयाचा 1976 चा निकाल देऊन तो आज आधाराला घेता येईल का, असे विचारावे. खाजगीपणाच्या हक्कावरील 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने तो रद्दबातल ठरवल्याचे ज्याने शोधून काढले, त्याला पूर्ण गुण द्यावेत.

वर्ग संपल्यावरच्या उत्तरचाचणीसाठी त्याच तोडीचे, पण वेगळे प्रश्न तयार ठेवावेत, कारण वसतिगृहात उत्तरे एका रात्रीत फिरतात. प्रश्न मराठी व इंग्रजी दोन्हींत छापावेत, नाहीतर संशोधनाऐवजी इंग्रजीचीच परीक्षा होते.

उत्तरपत्रिकेला शोधनोंदीचा कागद जोडावा, ज्यावर विद्यार्थी कोणते शब्द टाकले, कुठे शोधले आणि काय वगळले ते लिहील. माझ्या मते निम्मे गुण या कागदाला असावेत. गुणदानाचे निकष आधीच ठरवावेत आणि ग्रंथपाल व एक विषयशिक्षक यांनी नावे झाकून स्वतंत्रपणे तपासावे. डेटाबेसची लॉगिन पुरेशी आहेत का, हे आदल्या दिवशी पाहावे.

शेवटची चाचणी मूट कोर्टची (विद्यार्थ्यांच्या सरावासाठीच्या अभिरूप न्यायालयाची) लेखी निवेदने लिहिण्याच्या सुमारास, पूर्वसूचना न देता घ्यावी आणि तिची तारीख वेळापत्रकात आताच राखून ठेवावी.