धोबीपछाड शिकताना आधी पाय, मग हात

कोल्हापूरच्या तालमीत मी पहिले दोन महिने फक्त फावडं चालवलं. हौदातली लाल माती उकरायची, ढेकळं फोडायची. तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल मुरलेलं असायचं, अंगाला तोच वास. आज मीही नव्या पोराला आधी फावडंच देतो. माती भुसभुशीत नसेल तर डाव शिकवायचाच नाही, मानेला धोका असतो. शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान बांधलं, देशभरच्या मल्लांना आसरा दिला. आमची तालीम त्याच मातीवर वाढली.

आता डाव. धोबी दगडावर कपडा आपटतो, तसा जोडीदार पाठीवरून आणायचा. समजा, त्याचा उजवा हात मिळालाय. मनगट धरू नका, घामानं निसटतं. दंड काखेजवळ दोन्ही हातांनी आवळा. उजवा पाय त्याच्या पायांपुढे टाका आणि गर्रकन वळा. तुमची पाठ त्याच्या छातीला चिकटलीच पाहिजे. वीतभर फट राहिली की तो मागून कंबर धरतो. गुडघे वाकवून कंबर त्याच्या कमरेखाली न्या. मग दंड खाली ओढत पुढे वाका, गुडघे सरळ करा.

मी नुसत्या खांद्यानं ओढायचो. एकदा खांदा निखळला, पावसाळाभर मातीत उतरता आलं नाही. म्हणून सांगतो, आधी जोडीदाराशिवाय वळा. खांबाला उपरणं बांधा, ते धरून रोज शंभरदा वळा. पडणाऱ्यानं हनुवटी छातीला लावायची. हे त्याला दरवेळी, डाव मारण्याआधी, मोठ्यानं सांगा.