इंजिनाच्या बॅफलचे रॉड बसवायचे कसे

घरी बांधलेल्या विमानात बहुतेक वेळा आडव्या सिलिंडरचं हवेवर थंड होणारं इंजिन असतं, समोरून आलेली हवा सिलिंडरच्या वर साचते आणि फिनमधून (सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ पाकळ्यांमधून) खाली जाते. दोन सिलिंडरच्या फटीतून ती सरळ निसटू नये म्हणून बॅफलचे पत्रे, आणि त्या पत्र्यांच्या खालच्या कडा फिनला चिकटून राहाव्यात म्हणून सिलिंडरखालून जाणारे हे रॉड. रॉडचं काम एवढंच, कडा एकमेकींकडे ओढून धरायच्या.

आधी किटचं ड्रॉइंग बघा, त्यात जाडी आणि जागा दिली असेल तर तेच फायनल. मग पत्रे हाताने जागेवर दाबून धरा आणि रॉड जाणार त्या वाटेने एक साधी तार वाकवून नमुना करा, कारण खाली ऑइलचे परतीचे पाईप, इनटेक पाईप, स्पार्क प्लगच्या वायरी अशी सगळी गर्दी असते आणि सरळ रॉड क्वचितच सरळ जातो. वाकवायचाच असेल तर मोठ्या गोलाईत, आणि आट्यांवर कधीच नाही, तुटतो तो तिथूनच.

तारेच्या मापाने रॉड कापा, दोन्हीकडे वॉशर, नट आणि वर दोन-तीन आटे एवढी लांबी जास्त धरा. टोकाला कानस मारून उतार द्या, मग दोन्ही टोकांना आटे पाडायला तेल लावून डाय (आटे पाडायचं हत्यार) अर्धा फेरा पुढे, पाव मागे, असं सावकाश, जोर लावला की आटे फाटतात.

पत्र्यातलं भोक कडेपासून भोकाच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत हवं (मध्यापासून मोजून), पत्रा पातळ वाटला तर मागे छोटा तुकडा रिव्हेट करा आणि वॉशर मोठाच घ्या.

आता नट. नायलॉनवाला लॉकनट इथे नको, तो साधारण 120 सेल्सियसपर्यंतचाच आणि सिलिंडर हेड उड्डाणात सहज 180-200 पर्यंत जातं, त्यामुळे पूर्ण धातूचा लॉकनट लावा. आणि आवळताना हात आखडता घ्या!! पत्रा फिनला टेकला की अजून थोडंसंच, बस. जास्त ओढलं की कड वाकते, दुसरीकडे फट पडते आणि रॉडवर कायमचा ताण येतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं. खालची हवा बाहेर पडायची वाट मात्र मोकळी ठेवायची, सगळं गुंडाळून बंद करायचं नाही. काही सिलिंडरच्या एका बाजूला फिन अगदी उथळ असतात, तिथे पत्रा चिकटला तर हवाच अडते, म्हणून तिथे मध्ये वॉशर टाकून मुद्दाम जरा फट ठेवतात.

रॉड फिनच्या किंवा पाईपच्या जवळून जात असेल तिथे त्यावर पातळ ॲल्युमिनियमची नळी किंवा उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवा, साधं प्लॅस्टिक वितळेल. इंजिन माउंटच्या रबरावर हलतं हे खरं, पण रॉड आणि सिलिंडर सोबतच हलतात, घासतो तो रॉडच्या स्वतःच्या थरथरण्याने.

अंधार करून सिलिंडरखाली दिवा धरा आणि वरून बघा, फिनमधून उजेड दिसणं बरोबर, पत्र्यांच्या कडेने दिसला तर फट आहे, ती उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने भरा. नटांवर रंगाची रेघ ओढून ठेवा, पहिल्यांदा इंजिन चालवून पूर्ण गार झालं की रेघ सरकली का आणि रॉडवर कुठे चकाकी आली का ते बघा, चकाकी दिसली की तिथे तो घासतोय, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) चढवण्याआधी रॉडची वाट बदला.