आयटीआयच्या मुलांची फाइल बनवताना या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी भरतीच्या वेळी मुलांच्या फायली, म्हणजे त्यांच्या कामाचे फोटो आणि कागद, बघतो. रविवारी दांडिया बाजारात आमच्या घरी शेजारपाजारची मुलं त्याच फायली घेऊन बसतात. हात चांगला असूनही फाइलमुळे मागे पडणारं पोर बघवत नाही.

पहिली चूक बहुधा घरचेच करवून घेतात. आधी दहावीचं मार्कशीट, मग टायपिंग, स्काउट, चित्रकलेची सर्टिफिकिटं, आणि केलेलं काम पार शेवटी. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा काढली ती हातात हुन्नर यावा म्हणून. त्याच बडोद्यात हातकामाचं पान मागे का लपवायचं? सगळ्यात चांगला जॉब, म्हणजे तुम्ही हाताने बनवलेला नग, पहिल्या पानावर लावा.

दुसरी चूक मोठी. चकचकीत जॉबचा फोटो असतो, पण शेजारी ड्रॉइंग नसतं, माप नसतं. नुसत्या चकाकीवरून आम्हाला काय कळणार? ड्रॉइंगमध्ये 25 मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) ±0.05, तर तुमचा व्यास किती आला आणि कशाने मोजला, हे लिहाच. आणि आकडा मनाने लिहू नका. 0.02 लीस्ट काउंटच्या, म्हणजे कमीत कमी 0.02 मिमी फरक दाखवणाऱ्या, व्हर्नियरवर 25.03 हे माप वाचताच येत नाही, 25.02 नाहीतर 25.04 येतं. 25.03 लिहायचं तर 0.01 चा मायक्रोमीटर हातात हवा. एवढ्या एका आकड्यावरून पुढची सगळी पानं संशयात जातात.

बिघडलेला जॉब मुलं लपवतात, आणि मला तोच बघायचा असतो. वेल्डिंगच्या एका मुलीने अंडरकट (कडेला खाच) आलेल्या जोडाचा फोटो लावला होता. खाली लिहिलं होतं: ‘करंट जास्त होता, आर्क लांब धरला होता.’ शेजारी दुरुस्त केलेला जोड. मुलाखतीत तिला विचारायला मला फारसं काही उरलंच नाही.

ॲप्रेंटिसशिपमध्ये कंपनीच्या ड्रॉइंगचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. चौघांनी मिळून केलेल्या कामात आपला भाग कोणता, ते स्पष्ट लिहा.

भाषेचंही तसंच. कुठूनतरी उतरवलेली इंग्रजी वाक्यं मुलाखतीत तोंडात येत नाहीत. घरी मराठी असली तरी वर्कशॉपमध्ये तुम्ही गुजराती-हिंदीतच बोलता ना? मग त्यातच दोन ओळी लिहा, यंत्रांची नावं आहेत तशी ठेवा.

फोटोच काढले नसतील, जॉब भंगारात गेले असतील, तर प्रॅक्टिकलची वही उघडा. त्यातली दोन ड्रॉइंग हाताने स्वच्छ काढा आणि निदेशकांना विचारून त्यातला एक जॉब पुन्हा करा. या वेळी कच्च्या मालापासून प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून.