गडी आपोआप डावीकडे वळत होता, असं झालं नीट

जळगावचा मे, पारा ४४ च्या वर, कूलर फुल्ल आणि मी स्क्रीनवर बर्फातून घसरतोय, आई म्हणे येडा झाला का रे.

गेम खऱ्या स्नोबोर्डिंगसारखा आहे, म्हणजे बोर्डची उताराकडची कड बर्फात रुतली की गडी धाडकन तोंडावर. वजन टाचेवर नाहीतर पंजावर घेऊन चढाकडच्याच कडेवर राहायचं असतं. त्यामुळे आठवडाभर मला वाटलं की आपल्यालाच जमत नाहीये. मग एकदा पाणी प्यायला उठलो, कंट्रोलर खाटेवर तसाच, आणि परत येऊन बघतो तर गडी एकटाच डावीकडे चाललाय! स्टिक ड्रिफ्ट, म्हणजे कंट्रोलरची काडी (स्टिक) हात न लावताही हलवल्यासारखी वागते, दुसरं काय.

कंट्रोलर बंद केला, कानाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून स्टिकच्या बुडाशी फिरवलं, स्टिक गोल गोल हलवली, पूर्ण वाळू दिलं. बराच फरक पडला पण थोडं राहिलंच, मग सेटिंगमधे डेडझोन (स्टिक जेवढी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो तो भाग) ५ चा १२ केला. २० पण करून पाहिला, पण मग हलकं वळण घेताच येत नाही, मजाच जाते.

मित्रांसोबत वेगळीच कटकट, भुसावळवाला मधेच गायब होऊन पुढच्या झाडाजवळ उगवायचा. "भो, तुझंच नेट खराब आहे," म्हणे. खरंच माझंच होतं. वायफाय सोडून राउटरपासून लॅनची वायर ओढली, घरातले डाउनलोड थांबवले, तेव्हापासून उड्या बंद. काल तो शेवटच्या जंपवर आपटला, शेवभाजी त्याच्याकडे लागू.